शकीमच्या शोधात

तुम्हाला मुद्दाम एका वाईट रात्री आणून सोडतो आहे. २६ नोव्हेंबर २०१५, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. अमेरिकेतली बहुतेक कुटुंबं टर्कीचं जेवण उरकून टीव्हीसमोर बसली आहेत आणि तुम्ही फ्लोरिडातल्या ओरलँडो शहराच्या पूर्व टोकाला, एका कॉलेज फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, वरच्या रांगेत बसला आहात. ४५ हजार माणसं मावतील असं हे पोलाद-अॅल्युमिनियमचं स्टेडियम. प्रेक्षक एका ठेक्यात उड्या मारायला लागले की पायाखालचे पत्रे थरथरतात, म्हणून लोक त्याला 'बाउन्स हाउस' म्हणतात. आज ते थरथरलेलं नाही. रांगाच्या रांगा रिकाम्या आहेत. समोरच्या फलकावर पाहुण्या साउथ फ्लोरिडाचे ४४ गुण आहेत आणि यजमान युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचे, म्हणजे यूसीएफचे, ३. या मोसमात यूसीएफ १२ सामने खेळली आणि बाराही हरली. प्रशिक्षक जॉर्ज ओ'लिअरी ऑक्टोबरमध्येच पद सोडून गेले आहेत.

आता मैदान पाहू नका, मैदानाची कड पाहा. काळ्या-सोनेरी कपड्यांतल्या राखीव खेळाडूंच्या घोळक्यात वीस वर्षांचा एक मुलगा आहे. उंच, खांद्यांनी रुंद, पायांनी हलका. त्याचा डावा हात मनगटापाशी संपतो. त्याचं नाव शकीम ग्रिफिन. विद्यापीठात येऊन त्याला तिसरं वर्ष चाललं आहे आणि खऱ्या खेळात त्याला मोजकीच संधी मिळाली आहे.

तुमच्याजवळ एक गोष्ट आहे जी या स्टेडियममध्ये कुणाजवळच नाही: पुढच्या वर्षाची बातमी. आजपासून जेमतेम वर्षभरानं हाच मुलगा अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स या बारा संघांच्या गटातला सर्वोत्तम बचावपटू ठरणार आहे. शरीर हेच, पाय हेच, हातही हाच. अख्ख्या मोसमात एकही सामना न जिंकलेल्या संघाजवळ असा खेळाडू होता आणि तो कडेला उभा होता. हे कसं झालं, ते पाहायचं असेल तर मागे जावं लागेल. प्रवासाची अट एकच: पाहता येईल, हात लावता येणार नाही.

सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडाचा पश्चिम किनारा, १९९५. एका बाजूला टँपाचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचं आखात, मध्ये हे सपाट, दमट गाव. उन्हाळ्यात दुपारी ढग दाटून येतात, तासभर वीज कडाडते आणि पुन्हा ऊन पडतं. टँजी ग्रिफिन गरोदर आहेत. जुळी आहेत. तपासणीत डॉक्टरांना दिसतं की गर्भजलाच्या पिशवीच्या आवरणाचा एक तंतू सुटून एका बाळाच्या डाव्या मनगटाभोवती गुंडाळला गेला आहे आणि त्या हाताची वाढ थांबली आहे. तंतू सोडवायचा प्रयत्न करावा, तर दुसऱ्या बाळाच्या जिवाला धोका. आईबापांनी दोघांना जसे आहेत तसे येऊ दिलं. २० जुलैला आधी शकील जन्मला, मिनिटभरानं शकीम.

वडिलांचं नाव टेरी. गाड्या ओढून नेण्याचा, टोइंगचा त्यांचा धंदा. त्या घरात तुम्ही चार वर्षं थांबलात तर तुम्हाला एक वेदना दिसेल, जी पाहुण्यांना दिसत नाही. शकीमच्या डाव्या हाताला बोटांसारखे मऊ कोंब आहेत. त्यांत बळ नाही, पण संवेदना आहे. कशाचाही स्पर्श झाला, खेळताना जरा धक्का लागला की पोर कळवळतं.

मग ती रात्र येते. चार वर्षांचा शकीम झोपेतून उठून स्वयंपाकघरात गेला आहे. आई मागोमाग येते तर त्याच्या उजव्या हातात सुरी आहे आणि ती तो आपल्याच डाव्या हाताच्या बोटांवर धरतो आहे. त्याला ती बोटं नकोत, दुखतात म्हणून. टँजी सुरी काढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करतात. शस्त्रक्रिया होते, डावा पंजा काढला जातो. शकीमची गोष्ट सांगणारा जो तो याच रात्रीपासून सुरू करतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण मला वाटतं, त्या रात्रीवर फार रेंगाळलं की माणसं त्याच्याकडे कळवळ्यानं पाहू लागतात आणि नेमकं तेच त्याला आयुष्यभर नको होतं. स्वयंपाकघरात थांबू नका. अंगणात या.

अंगणात डाव्या हाताची पट्टी अजून सुटलेली नाही आणि पोरगं शकीलबरोबर फुटबॉल खेळतं आहे. पट्टीवर रक्त उमटलेलं दिसतंय. दुखणारं गेलं, आता धावायला मोकळा, एवढंच त्याला कळतं.

या अंगणात जरा निवांत बसा, कारण पुढे जे काही होतं त्याची मुळं इथे आहेत. टेरी दोन्ही मुलांना समोर उभं करतात आणि चेंडू फेकतात. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्हीकडे निमुळता. दोन पंज्यांनीही तो सहज हातात बसत नाही. एका पंज्याच्या मुलानं तो घ्यायचा तर डाव्या मनगटावर आणि छातीवर दाबून थोपवायचा आणि उजव्यानं झाकायचा. टेरी हळू फेकत नाहीत. शकीलला जितक्या जोरानं, तितक्याच जोरानं शकीमला. चेंडू हातून सुटला तर तो पुन्हा येतो. कुणाकडूनही काही सहज मिळणार नाही, हे त्या बापाला ठाऊक आहे आणि ते शिकवायला शब्दांपेक्षा चेंडू बरा, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. घरकामातही हीच शिस्त. शकील जे करतो ते शकीम करतो.

मुलं मोठी होतात, वजनं उचलायची वेळ येते. बेंचवर उताणं पडून लोखंडी दांडा वर ढकलायचा, हा फुटबॉलमधला रोजचा व्यायाम. उजवा हात दांडा पकडतो, डाव्याची लांबी कमी, पंजा नाही. दांडा तिरका होणार, घसरणार. टेरी लाकडाचा एक ठोकळा घेतात, त्याला कापड गुंडाळतात. तो ठोकळा डाव्या हाताच्या टोकावर ठेवला की दोन्ही बाजूंची उंची एक होते आणि दांडा सपाट राहतो. घरात त्या ठोकळ्याला 'पुस्तक' म्हणतात. वेगवेगळ्या व्यायामांसाठी टेरी वेगवेगळी जुगाडं करत जातात. टोइंगच्या धंद्यातला माणूस. कुठलंही वजन कुठून बांधलं तर हलतं, हे त्याला हातानं कळतं. त्यांनी मुलाला व्यायामातून सूट दिली नाही, व्यायामाची अडचण दूर केली. या दोहोंतला फरक शकीमच्या खांद्यांत आणि पाठीत तुम्हाला पुढे दिसेल.

वय आठ. मुलांच्या लीगचा सामना आहे. सामन्याआधी प्रत्येक मुलाचं वजन करायची इथे पद्धत आहे, म्हणजे मोठ्या वजनाचा मुलगा लहानांत घुसत नाही. शकीमचं वजन नियमात बसतं, तरी समोरच्या संघाचा प्रशिक्षक वाद घालतो. थोड्या वेळानं खरं कारण बाहेर येतं. फुटबॉल हा दोन हातांच्या माणसांचा खेळ आहे, या मुलानं तो खेळूच नये, असं त्याचं म्हणणं. हे आठ वर्षांच्या मुलासमोर चाललं आहे. शकीमनं पुढे लिहिलं की आपल्याला वेगळं मानलं जातं, हे इतकं स्पष्ट त्या दिवशी प्रथमच कळलं. तुम्ही कुंपणापाशी उभे आहात आणि तुम्हाला मध्ये पडता येत नाही. पण सामना पाहा. त्याच सामन्यात समोरच्या संघानं फेकलेला एक चेंडू शकीम मध्येच झेलतो. दोन हातांच्या खेळातलं सगळ्यात दोन हातांचं काम.

लेकवूड हायस्कूल, गावाचा दक्षिण भाग. इथली वर्षं भरभर जाऊ द्या. दोघे भाऊ फुटबॉल खेळतात, ट्रॅकवर धावतात, दोघे बचावाच्या शेवटच्या फळीत, दोघे वेगवान. पण अकरावी-बारावीत विद्यापीठांची माणसं फिरायला लागतात तेव्हा कान द्या. अमेरिकेत मोठ्या खेळाडूची वाट कॉलेजातूनच जाते. विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं, राहणं-जेवण-शिक्षण सांभाळतं, शनिवारी त्याचे सामने लाखो लोक पाहतात आणि त्यातून एनएफएल हा व्यावसायिक दरवाजा उघडतो. या माणसांना शकील हवा आहे. शकीमबद्दल ते गोड बोलतात, पण पत्र एकाच्या नावाचं येतं.

दोघा भावांचं लहानपणापासून ठरलेलं आहे: जायचं तर एकत्र. आणि सतरा वर्षांचा शकील ते पाळतो. ज्या विद्यापीठाच्या प्रस्तावात शकीमचं नाव नाही, ते त्याला नको. या गोष्टीतला हा मोठा त्याग शकीलचा आहे आणि तो करताना त्यानं आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. यूसीएफनं दोघांना शिष्यवृत्ती देऊ केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये दोघांनी सही केली.

ओरलँडो. सेंट पीटर्सबर्गहून गाडीनं दोनेक तास, टँपाचा उपसागर ओलांडून आय-४ या महामार्गावरून पूर्वेकडे. १९६३ साली हे विद्यापीठ स्थापलं गेलं ते जवळच्या केप कॅनव्हरलच्या अंतराळ केंद्राला माणसं पुरवण्यासाठी. आवार वर्तुळात वर्तुळ असं आखलेलं. तुम्ही योग्य वेळी इथे उभे असाल तर पूर्वेच्या आकाशात रॉकेट चढताना दिसतं. साठ हजारांहून अधिक विद्यार्थी, पण फुटबॉलच्या जगात मात्र हे धाकट्यांतलं घर. टीव्हीचा पैसा, जुना लौकिक, पाच-सहा दशकांचे चाहते, हे सगळं अलाबामा, ऑबर्न, फ्लोरिडा स्टेट यांच्याकडे.

पहिलं वर्ष विलक्षण गेलं. संघानं १३ पैकी १२ सामने जिंकले आणि १ जानेवारी २०१४ ला फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात बेलर विद्यापीठाला ५२-४२ असं हरवलं. शकील पहिल्याच वर्षी मैदानात उतरला. शकीमला रेडशर्ट केलं, म्हणजे सराव कर, शिक, यंदा सामना नाही, तुझी चार वर्षं पुढच्या मोसमापासून मोजू. ही पद्धत नेहमीची आहे आणि तिच्यात अपमान नाही. अपमान त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू साचत गेला.

ती वर्षं कशी दिसतात ते पाहायला तुम्हाला सरावाच्या मैदानावर, ऑक्टोबरातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी, उभं राहावं लागेल. सराव-संघ नावाचा एक गट असतो. शनिवारी जो प्रतिस्पर्धी येणार त्याच्या चालींची नक्कल करायची आणि मुख्य अकरांना त्यांच्याविरुद्ध तयार होऊ द्यायचं, हे त्याचं काम. शकीम त्यात आहे. तो रोज दुसऱ्या कुणाचा तरी खेळ खेळतो. पकडी तो मनापासून करतो, धावतो सगळ्यांत जोरात, आणि शनिवारी कपडे घालून कडेला उभा राहतो. उन्हाळ्यात शकीलला आवारात राहून सराव करायला सांगतात आणि शकीमला घरी पाठवतात. घरी तो वडिलांबरोबर टोइंगच्या गाडीवर काम करतो आणि काम संपल्यावर व्यायाम. एकाच खोलीत वाढलेली जुळी भावंडं. एक संघाच्या पहिल्या नावांत, दुसरा ट्रकच्या साखळ्या ओढतोय. खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात येऊन गेलं. आईवडिलांनी आणि शकीलनं त्याला धरून ठेवलं.

या वर्षांना आपण चरित्रात सहसा एक वाक्य देतो: त्यानंतर काही काळ संधी मिळाली नाही. पण ते काही काळ म्हणजे तीन मोसम आहेत. अठरा ते वीस या वयातले. कॉलेज फुटबॉलपटूला आयुष्यात एकूण चार मोसम मिळतात. जे लोक त्याला रोज सरावात पाहत होते, त्यांच्या डोळ्यांसमोर तो धावत होता. त्याचा वेग लपलेला नव्हता. त्यांना तो दिसत होता तो आधी ठरवलेल्या चौकटीतून: हा शकीलचा भाऊ, याला एक हात आहे, याच्यापासून कितीशी अपेक्षा करायची. त्या चौकटीबाहेर एकदा पाहायला स्टॉपवॉच पुरेसं होतं.

डिसेंबर २०१५. शून्यावर बसलेल्या संघाला नवा प्रशिक्षक मिळतो, स्कॉट फ्रॉस्ट. वय चाळीस, एकेकाळचा नेब्रास्काचा क्वार्टरबॅक, ऑरेगन विद्यापीठाच्या वेगवान आक्रमणाचा सूत्रधार. त्याच्याबरोबर बचावाची जबाबदारी घ्यायला एरिक चिनँडर येतो. या दोघांना इथल्या कुणाचाच इतिहास पाठ नाही. कोण कुणाचा भाऊ, कोण शिष्यवृत्तीच्या जोडीत आला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. सराव पाहतात तर एक मुलगा सगळ्यांच्या पुढे धावतोय. ते त्याची जागा बदलतात. आतापर्यंत तो सेफ्टी होता, आता त्याला बाहेरच्या बाजूचा लाइनबॅकर करतात.

ही जागा नीट समजून घ्या, कारण सगळा उलटफेर तिच्यात आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा विरुद्ध अकरा. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. मग पुन्हा चार प्रयत्न, असं करत समोरची सीमा गाठायची. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकपासून. तो चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या हातात देतो, किंवा लांबवर फेकतो. बचावाच्या तीन फळ्या. पहिली जमिनीला हात टेकलेल्या, सव्वाशे-दीडशे किलोच्या धिप्पाड माणसांची. त्यांनी धक्का झेलायचा. शेवटची फळी हलक्या, चपळ खेळाडूंची. सेफ्टी आणि कॉर्नरबॅक त्यात येतात, आणि लांबवर फेकलेला चेंडू तोडायचं काम त्यांचं. मधली फळी लाइनबॅकरची. त्याला दोन्ही करावं लागतं. चेंडू सुटल्याबरोबर अर्ध्या क्षणात ओळखायचं: धावणार की फेकणार? धावला तर पुढे जाऊन पकड करायची. फेकणार असेल तर मागे सरकून झेलणाऱ्याला अडवायचं, नाहीतर उलट घुसून क्वार्टरबॅकवर चाल करायची. त्याच्या हातून चेंडू सुटायच्या आत त्याला खाली पाडलं तर तो सॅक. बचावपटूच्या हिशेबात सॅकसारखं सुख नाही.

कबड्डीत आपण पाहतो, सगळ्यांत चांगला कोपरारक्षक ताकदीनं पकड करत नाही, चढाई करणाऱ्याचं पुढचं पाऊल त्याला आधी दिसतं. लाइनबॅकरचं काम त्या जातीचं आहे. आणि बाहेरच्या बाजूला उभ्या लाइनबॅकरला मोकळी जागा मिळते, तिथून वळण घेऊन वेगानं आत शिरता येतं. समोर जो अडवणारा असतो तो दीडएकशे किलोचा, त्याचं सगळं कौशल्य आपले दोन्ही हात बचावपटूच्या छातीवर रोवण्यात. शकीम जवळपास १०० किलोचा. हातघाईला थांबला तर हरेल. म्हणून तो थांबत नाही. पहिलं पाऊल इतकं लवकर पडतं की समोरच्याचे हात हवेत राहतात. खांदा खाली जातो, कंबर वाकते आणि तो आत असतो. शेवटच्या फळीत असताना त्याचा वेग लांबच्या अंतरांत विखुरला जायचा. इथे तो दहा पावलांत एकवटला. माझ्या मते २०१६ सालची खरी घटना हीच आहे. शकीममध्ये काही नवीन आलं नाही. त्याच्याजवळ जे होतं ते वापरायची जागा सापडली.

२०१६ च्या मोसमाचे आकडे असे: ९२ पकडी, प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलणाऱ्या २० पकडी, साडेअकरा सॅक. अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला क्वार्टरबॅक. संघ ६ जिंकला, ७ हरला, आणि गटातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून शकीम ग्रिफिनचं नाव जाहीर झालं. हा सन्मान अर्ध्याअधिक वेळा हरलेल्या संघातल्या खेळाडूला मिळावा, यातच तो किती ठळकपणे खेळला ते आलं.

एप्रिल २०१७. शकील आपली वर्षं संपवून निघतो. एनएफएलच्या खेळाडू-निवडीत त्याला सिअॅटल सीहॉक्स हा संघ तिसऱ्या फेरीत निवडतो. रेडशर्टच्या त्या वर्षामुळे शकीमचा एक मोसम बाकी आहे. म्हणजे ज्या वर्षी त्याला बाजूला ठेवलं, त्याच वर्षाचं हे उरलेलं. आता दोघे दोन वेगळ्या शहरांत, आणि तीही देशाच्या दोन टोकांना.

आता त्याच्या शेवटच्या मोसमात चला. सुरुवातीलाच चक्रीवादळ इर्मा येतं. १० सप्टेंबरला ते फ्लोरिडावर आदळतं. सामने रद्द होतात, जॉर्जिया टेकविरुद्धचा सामना कायमचा हुकतो, स्टेडियमचा परिसर मदतीला आलेल्या नॅशनल गार्डच्या जवानांना दिला जातो. मग खेळ सुरू होतो आणि यूसीएफ जिंकत जाते. शकीमच्या पाठीवर १८ हा क्रमांक आहे आणि आता प्रत्येक क्वार्टरबॅक चेंडू घेण्याआधी तो क्रमांक कुठे उभा आहे, ते शोधतो.

२४ नोव्हेंबर २०१७ ला बाउन्स हाउसमध्ये या. तीच प्रतिस्पर्धी साउथ फ्लोरिडा, टँपाची, शकीमच्या गावाच्या पलीकडच्या किनाऱ्याची. आज तुम्हाला बसायला जागा मिळणार नाही. शेवटची दोन मिनिटं उरली असताना ४२-४२ अशी बरोबरी होते आणि पुढच्याच किकवर यूसीएफचा माइक ह्यूज ९५ यार्ड धावत जातो. ४९-४२. पायाखालचे पत्रे आता असे थरथरताहेत की तुम्ही समोरचा कठडा घट्ट धरता. आठवड्यानं, २ डिसेंबरला, गटाच्या अंतिम सामन्यात मेम्फिसला जादा वेळेच्या दुसऱ्या फेरीत ६२-५५ असं हरवतात. १२ पैकी १२. त्याच दिवशी फ्रॉस्टनं आपल्या जुन्या नेब्रास्का विद्यापीठाचं प्रशिक्षकपद स्वीकारल्याचं कळतं. शेवटचा सामना मात्र या मुलांबरोबर खेळूनच जाणार, असं तो ठरवतो.

राष्ट्रीय विजेतेपदासाठी त्या काळी एक निवड समिती देशातले चार संघ निवडायची. अपराजित यूसीएफला समितीनं बारावा क्रमांक दिला. कारण सांगितलं जायचं ते प्रतिस्पर्धी कमकुवत असल्याचं. बलाढ्य संघ आपणहून यूसीएफशी खेळायला राजी होत नाहीत, आणि खेळले नाहीत म्हणून यूसीएफची किंमत नाही. शकीमला या तर्काची ओळख लहानपणापासून होती. मी इथे तटस्थ राहू शकत नाही. जो संघ हरतच नाही त्याला हरायची संधी तरी द्यावी, एवढी माफक मागणीही त्या पद्धतीत बसत नव्हती.

१ जानेवारी २०१८, अटलांटा, पीच बोल. समोर ऑबर्न. याच मोसमात ऑबर्ननं अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही हरवलेलं आहे, आणि आठवड्यानं राष्ट्रीय अंतिम सामना खेळणार आहेत ते हेच दोन संघ. म्हणजे यूसीएफला मोजायची पट्टी आज आयती मैदानात उभी आहे. मध्यंतराला यूसीएफ १३, ऑबर्न ६.

दुसऱ्या अर्ध्यात तुमची नजर चेंडूवरून काढा आणि फक्त अठरा नंबरवर ठेवा. प्रत्येक चालीआधी तो किंचित वाकून उभा राहतो, मान ताठ, नजर ऑबर्नचा क्वार्टरबॅक जॅरेट स्टिडहॅमवर. कधी मागे सरकून झेलणाऱ्याच्या वाटेत जातो. कधी आडवा धावत दुसऱ्या टोकाला पकड करून येतो. आणि कधी कडेनं आत घुसून स्टिडहॅमला चेंडूसकट खाली आणतो. दोन्ही बाहू कमरेभोवती आवळतो, डाव्या मनगटाचा अडसर होतो आणि उजवी मूठ सुटत नाही. त्या दुपारी त्यानं १२ पकडी केल्या, दीड सॅक. शेवटच्या मिनिटात ऑबर्न बरोबरीच्या जवळ येतं आणि त्यांनी फेकलेला चेंडू यूसीएफ सीमेतच झेलते. ३४-२७. १३ पैकी १३. बचावातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुन्हा त्याचंच नाव पुकारलं जातं.

यूसीएफनं स्वतःला राष्ट्रीय विजेता घोषित केलं. ७ जानेवारीला डिस्नी वर्ल्डमध्ये संघाची मिरवणूक निघाली. निवड समितीच्या समर्थकांना हे धाडस वाटलं. मला ते हक्काचं वाटतं. ज्यांनी ऑबर्नला हरवलं, आणि ऑबर्ननं ज्यांना हरवलं ते ट्रॉफीसाठी खेळले, त्या मुलांनी गप्प घरी जावं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका क्रमवारी-गणितानं, कॉली मॅट्रिक्सनं, त्यांना पहिला क्रमांक दिलाही.

कॉलेज संपलं. तरी दोन ठिकाणी तुम्हाला थांबवतो. एनएफएलमध्ये निवड होण्याआधी इंडियानापोलिसला खेळाडूंची शारीरिक चाचणी होते. दोन मोसम गाजवलेल्या या खेळाडूचं नाव बोलावण्याच्या पहिल्या यादीत नव्हतं. निमंत्रण मागाहून आलं. मार्च २०१८ मध्ये तो तिथे गेला. डाव्या हाताला कृत्रिम पंजा लावून त्यानं २२५ पौंडांचा, म्हणजे १०२ किलोंचा दांडा २० वेळा वर ढकलला. दुसऱ्या दिवशी ४० यार्ड ४.३८ सेकंदांत धावला. २००३ पासून तिथल्या नोंदींमध्ये एकही लाइनबॅकर इतका वेगानं धावलेला नव्हता. कडेला घड्याळं घेऊन बसलेल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ओरलँडोच्या सरावाच्या मैदानावर हाच वेग तीन वर्षं रोज दुपारी धावत होता.

एप्रिलच्या अखेरीस, निवडीच्या पाचव्या फेरीत, १४१ वा खेळाडू म्हणून त्याला सिअॅटल सीहॉक्सनी घेतलं. शकील तिथे होताच. आणि ९ सप्टेंबर २०१८ ला, डेन्व्हरमध्ये, मोसमाच्या पहिल्या सामन्यात, नेहमीचा लाइनबॅकर जखमी असल्यामुळे शकीम सुरुवातीपासून मैदानात उतरला. बचावाच्या अकरांत शेवटच्या फळीत शकील ग्रिफिन, मधल्या फळीत शकीम ग्रिफिन.